उजव्या हाताची बोहनी

"या दोघींपैकी तुमची पत्नी कोणती?" वकीलबाईंनी विचारलं.

भिंतीवरच्या पडद्यावर दोन भाजीवाल्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. डावीकडची आमच्या कंपनीच्या गेममधली, जांभळ्या एप्रनची. उजवीकडची नॉर्डलिंग कंपनीच्या गेममधली, हिरव्या एप्रनची आणि अंगाने जरा जाड. दोघींच्या उजव्या हातात एकेक नाणं होतं. वकीलबाईंनी बटण दाबलं. दोघींनी नाणं मुठीत धरलं, मूठ छातीपाशी आणली आणि मान वाकवून कपाळ मुठीला टेकवलं. दोघींनी एकाच वेळी.

"दोघीही," मी म्हणालो.

वकीलबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मग यूस्टकडे. यूस्ट आमच्या कंपनीचा मालक. तो खिडकीबाहेर बघत होता.

"चेहरा तिचा नाही," मी म्हणालो. "चेहरा आमच्या मेधाने काढलाय. मान तिची आहे. दोन्हीकडे तिचीच."

"मला हेच हवं आहे. पण नॉर्डलिंगचे वकील म्हणतात, भारतात लाखो दुकानदार पहिल्या विक्रीचे पैसे कपाळाला लावतात. रीत कुणाच्या मालकीची नसते."

"बरोबर म्हणतात."

"मग?"

"ते लोक हात कपाळापर्यंत नेतात. हिने कपाळ हातापर्यंत आणलं."

"का?"

मी सांगितलं. प्रमिलाच्या उजव्या बाजूला ऑपरेशन झालं होतं. काखेतल्या गाठी काढल्या होत्या. त्यानंतर तो हात खांद्याच्या वर जात नसे.

"मग डाव्या हाताने का नाही केलं?"

"डाव्या हाताने बोहनी घेत नाहीत," मी म्हणालो.

वकीलबाईंनी ते लिहून घेतलं. त्यांना फार आनंद झाला होता आणि तो त्या लपवत होत्या, हे मला दिसत होतं. त्यांचं कामच ते, त्यात त्यांची चूक नाही. म्हणाल्या, "ही रीत नाही, हे एका बाईचं शरीर आहे. तुम्ही निवेदनावर सही करा, सोबत हॉस्पिटलचे कागद द्या. त्यांच्याकडे उत्तर राहणार नाही."

"सही केली तर काय होईल?"

"त्यांना ते काढून टाकावं लागेल. आणि भरपाई."

मी म्हणालो, विचार करून सांगतो. यूस्टने तेव्हा पहिल्यांदा खिडकीकडची मान फिरवली.

आमची कंपनी लहान. नाव क्लाइन पोल्डर. कापेल नावाच्या गावात मेट्रो स्टेशनजवळच्या एका इमारतीत दुसरा मजला आमचा. आम्ही एकच गेम नावारूपाला आणला. सकाळचा बाजार. त्यात प्रत्येकाने आपला बाजार मांडायचा, गाळे लावायचे, माल आणायचा, आणि जगभरातले दुसरे खेळणारे तुमच्या बाजारात गिऱ्हाईक म्हणून यायचे. मारामारी नाही, बंदुका नाहीत. लोकांना आवडला. नॉर्डलिंगचं ऑफिस अ‍ॅमस्टरडॅमला झुइडास या बड्या कंपन्यांच्या भागात, उंच इमारतीत. त्यांनी आमची कंपनी विकत मागितली होती. यूस्टने नाही म्हटलं, वर एका मुलाखतीत म्हणाला की नॉर्डलिंग गेम बनवत नाही, दुसऱ्यांचेच पुन्हा तळून काढते. वर्षभरात नॉर्डलिंगचा 'स्टॉलव्हिल' आला. तोच बाजार, तेच गाळे, रंग वेगळे, आणि फुकट. आम्ही किंमत उतरवली की ते खेळणाऱ्यांना भेटी वाटत. आम्ही दिवाळीचा बाजार करणार हे कळलं की ते आधीच्या आठवड्यात दिवाळी करून मोकळे होत. एकदा त्यांनी आमच्या ऑफिससमोरच्या बसथांब्यावर स्टॉलव्हिलची मोठी जाहिरात लावली. आमच्या पँट्रीच्या खिडकीतून ती समोर दिसायची. यूस्टने त्या खिडकीचा पडदा ओढायला लावला. त्यानंतर आम्ही दिवसाही दिवा लावून चहा करायचो.

आमची गिऱ्हाईकं गेली. ऑफिसातली माणसंही एकेक करून गेली. राहिलो ते आम्ही थोडे.

मी तिथे टेस्टर. म्हणजे गेम बाहेर पडण्याआधी त्यातल्या चुका शोधणारा. पण मी प्रमिलाच्या नंतर तिथे लागलो. या देशात मी आधी आलो, एका बँकेच्या कामावर, आणि ती माझ्या व्हिसावर मागून आली. काही वर्षं घर, आमची मुलगी समता, डच शिकण्याचे वर्ग. मग मेधा भेटली. मेधा पुण्याची, चित्रकार, क्लाइन पोल्डरमध्ये बाजाराची चित्रं काढायची. तिला खऱ्या बाजाराची काहीच माहिती नव्हती. ती प्रमिलाला विचारायला घरी यायची. प्रमिलाची आई कामठीच्या बाजारात भाजी विकायची आणि शाळा सुटल्यावर प्रमिला तिच्याजवळ बसायची. मेथीची जुडी कशी लावतात, टोमॅटोवर पाणी कधी मारतात, कुणाला उधार द्यायचं आणि कुणाला नाही, हे ती सांगायची. शेवटी यूस्टने तिला पगारावरच ठेवलं. पुढे बँकेचं माझं काम संपलं, तेव्हा तिनेच यूस्टला माझं नाव सांगितलं. मला म्हणाली, "घरात फुकट चुका काढता, तिथं पगार भेटेल. आणि मले पण थोडा आराम."

बोहनी तिनेच गेममध्ये घातली. मेधा 'भवानी' म्हणायची, प्रमिला 'बोहनी'. दिवसाची पहिली विक्री. पहिल्या गिऱ्हाईकाला परत पाठवायचं नाही, दोन पैसे कमी घ्यायचे, आणि ते पैसे कपाळाला लावायचे. प्रमिलाचे वडील चळवळीतले. ते बायकोला म्हणत, हे काय देवधर्माचं करतेस? त्यावर तिची आई म्हणायची, "देवाले नाही करत. सकाळी सकाळी माझ्याकडे आला ना माणूस, त्याले करते." प्रमिलाने हे यूस्टला जसंच्या तसं सांगितलं. यूस्टने त्याच दिवशी होकार दिला.

हालचालीचं चित्रण व्हायचं होतं त्याच्या आधी तिचं ऑपरेशन झालं. ती बरी होऊन पुन्हा कामावर आली तेव्हा मेधाने पँट्रीतल्या टेबलावर कांदे मांडले आणि तिला मागे उभं केलं. मी दारात होतो.

"ताई, हात थोडा वर," मेधा म्हणाली.

"नाही जात वर."

"मग डाव्याने करू या. मी नंतर आरशासारखं उलटवते."

"डाव्या हातानं बोहनी घेत असते का कोणी? माय वरतून चप्पल फेकून मारेल मले."

मेधा हसली. प्रमिलाने नाणं मुठीत धरलं, हात जिथवर येत होता तिथवर आणला, आणि बाकीचं अंतर मानेने काटलं. मेधाने तेच चित्रित केलं आणि तेच गेममध्ये घातलं. कोणीच त्याबद्दल काही बोललं नाही. गेल्या वर्षी फेब्रुवारीत प्रमिला वारली.

वकीलबाई गेल्यावर यूस्ट माझ्या टेबलाशी आला. तो बसला नाही.

"विलास, मी तुला काही म्हणणार नाही."

"म्हण."

"ऑगस्टनंतर पगार देता येणार नाही. मी घर गहाण टाकलंय, ते पैसे पण संपले. एवढंच आहे आता माझ्याकडे."

'एवढंच' म्हणजे प्रमिलाची मान. त्याला तसं म्हणायचं नव्हतं, पण तोच अर्थ होत होता, आणि ते त्याच्याही लक्षात आलं. कान लाल झाले त्याचे.

"आणि आपला गेम?" मी विचारलं.

"तो तसाही डिसेंबरला बंद होतोय. सर्व्हर परवडत नाही. भरपाई आली तर नवीन काहीतरी करू. माणसं तरी राहतील."

सर्व्हर बंद झाला की आमचा गेम उघडणारही नाही. म्हणजे जांभळ्या एप्रनवाली डिसेंबरला जाणार होतीच. हिरवी राहिली असती. आता मी सही केली की हिरवीही जाणार होती.

मेधाने त्या दिवशी डब्यातले अर्धे पोहे माझ्यासमोर ठेवले. तिचा नवरा तिला सोडून गेल्यापासून ती इथे राहण्याच्या स्वतःच्या परवान्यावर आहे, आणि परवाना नोकरीवर आहे. नोकरी गेली की दुसरी शोधायला तीन महिने, नाहीतर सामान बांधायचं. हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं.

"मी काही बोलणार नाही हं, विलासदादा," ती म्हणाली.

"सगळेच मला येऊन सांगताहेत की आम्ही काही बोलणार नाही."

"मग पोहे खा."

शनिवारी एका अनोळखी मुलाचा फोन आला. "काका, मी श्रीहर्ष. नॉर्डलिंगमध्ये आहे. पाच मिनिटं भेटाल का? कंपनीतर्फे नाही. माझा मी येतोय." मी त्याला अलेक्झांडर स्टेशनवरच्या कॉफीच्या दुकानात बोलावलं. तिशीतला असेल. दाढी नीट कापलेली, पाठीवर सॅक. बसल्या बसल्या म्हणाला, "मी इथे आलोय हे कळलं तर मला काढतील."

"मग आलास कशाला?"

"काका, सही नका करू."

"तुझ्या साहेबाने पाठवलंय?"

"आईशप्पथ नाही." त्याने कॉफीचा कप फिरवला. "ते अ‍ॅनिमेशन मी केलंय."

"केलंय की चोरलंय?"

"चोरलंय," तो म्हणाला. "वरून सांगितलं होतं, त्यांचा बाजार समोर ठेव आणि आपला बनव. मी तुमचा गेम हळू चालवून एकेक चित्र थांबवून बघितलं. मला वाटलं, काहीतरी नाटकातलं वाकणं असेल. मान किती वाकते, कुठे थांबते, परत येताना डोळे आधी वर येतात की हनुवटी, सगळं पाठ आहे मला. का वाकते तेवढं माहीत नव्हतं. परवा ऑफिसात तुमच्या वकिलांचं पत्र आलं, निवेदन तुम्ही देणार म्हणून, तेव्हा कळलं."

डोळे आधी वर येतात. मला हे इतक्या नेमकेपणाने सांगता आलं नसतं.

"तुमचा गेम बंद होणार आहे. सगळ्या मार्केटला माहितीये. आमच्याकडे रोज लाखो लोक येतात, काका. ब्राझील, कोरिया, कुठून कुठून. सकाळी पहिलं गिऱ्हाईक व्हायला धडपडतात, ती मान बघायला. त्यांना वाटतं ती आशीर्वाद देते. तुम्ही सही केली की आज ना उद्या मला सांगतील, उडव. मीच उडवणार. आणि मग ती कुठेच नसेल."

"माझ्याकडे व्हिडिओ आहे घरी."

"तो तुम्ही बघाल. बाजारात नसेल ना ती."

त्याचं म्हणणं खरं होतं. घरच्या व्हिडिओत प्रमिला कॅमेऱ्याकडे बघते. बाजारात ती गिऱ्हाईकाकडे बघते. पण हे मला नॉर्डलिंगच्या माणसाकडून ऐकून घ्यायचं नव्हतं.

"तुम्ही लोक आमच्या घरात शिरलात," मी म्हणालो. "आणि आता मलाच समजावतोस की चोरीचा माल तुमच्याकडेच बरा राहील."

खाली बघत तो म्हणाला, "हो. तसंच आहे ते."

मी उठलो. कॉफीचे पैसे त्याने आधीच दिले होते, म्हणून मला आणखी राग आला.

घरी समता सोफ्यावर पाय घेऊन मोबाइल बघत होती. समता सोळा वर्षांची. मी मराठीत बोलतो आणि ती डचमध्ये उत्तर देते, आमचं असंच चालतं. मराठी तिला सगळं कळतं. प्रमिला असताना ती दोन-चार वाक्यं मराठीत बोलायची, आता तेही बंद झालंय.

मी तिला श्रीहर्षचं सांगितलं, सहीचं सांगितलं. तिने मोबाइल उलटा ठेवला.

"तू स्टॉलव्हिल खेळतेस का?" मी विचारलं.

"शाळेत सगळेच खेळतात."

"तू?"

"मेट्रोत," ती म्हणाली. "शाळेत जाताना. एकदाच. पहिलं गिऱ्हाईक व्हायचं आणि बंद करायचं."

"आपला का नाही खेळत?"

"आपल्यात कोणी नसतं, बाबा. भुतांचा बाजार आहे तो. ती तिथे एकटी उभी असते." मग म्हणाली, "तुम्ही रागवाल म्हणून नाही सांगितलं. त्यांच्या गेमला आपल्या घरात नावं ठेवतात ना सगळे."

"सही केली तर जाईल ती तिथून."

"आणि नाही केली तर?"

"कंपनी जाईल. माझी नोकरी जाईल. मेधामावशीला परत जावं लागेल बहुतेक."

तिने मोबाइल पुन्हा सरळ केला. पडदा बंदच होता. "मला विचारू नका," ती म्हणाली. "तुम्ही मोठे आहात."

मला खरं तर कुणीतरी सांगायला हवं होतं. प्रमिला असती तर तिने एका वाक्यात सांगून टाकलं असतं, आणि वर म्हणाली असती की एवढा काय विचार करता, भाजी आणा. पण प्रश्नच तिचा होता, आणि ती नव्हती.

सोमवारी मी सही केली. मेधा मागच्या टेबलावर बसली होती, एवढंच आठवतं. ती काम करत नव्हती, नुसता माउस हलवत होती.

कोर्टात जावं लागलं नाही. नॉर्डलिंगने महिनाभरात तडजोड केली. भरपाई द्यायची, आणि स्टॉलव्हिलमधून ती हालचाल पूर्ण काढायची. काढली की नाही हे आमच्या बाजूने तपासायचं, आणि यूस्टने सही करून कळवलं की मग पैसे सुटणार. नंतर ती हालचाल कुठे सापडली तर सगळी तडजोड रद्द, पैसे परत. तपासायचं म्हणजे टेस्टरने. टेस्टर मी एकटाच उरलो होतो.

यूस्ट म्हणाला, "बाहेरून माणूस आणतो."

"कशाला? त्याला काय शोधायचं तेच कळणार नाही," मी म्हणालो.

नॉर्डलिंगने टॅब्लेटवर नवीन गेम पाठवला, अजून बाहेर न आलेला, पण गिऱ्हाईकं त्यांच्या चालू गेममधलीच यायची. मी माझा बाजार मांडला. गेममधला एक दिवस सात-आठ मिनिटांचा असतो. सकाळ झाली, पहिलं गिऱ्हाईक आलं, हिरव्या एप्रनवालीने नाणं घेतलं, एप्रनच्या खिशात टाकलं आणि अंगठा दाखवला. मान ताठ. मी टेस्टर म्हणून बघत होतो, म्हणून ते जमलं. फुलांचा गाळा, मासळीचा गाळा, सणाचा दिवस, बर्फाचा दिवस. सगळीकडे अंगठा. माझ्या यादीत मी खुणा करत गेलो. काम स्वच्छ केलं होतं पोराने.

दुपारी मी डबा उघडला. गेममध्ये तेव्हा नुकतं उजाडत होतं. टॅब्लेट बाजूला सरकवताना बाजाराचं फाटक बंद केलं, म्हणजे जेवताना गिऱ्हाईकांची टिंगटिंग नको. फाटक बंद असलं की कुणी आत येत नाही. अर्धी भाकरी झाली असेल नसेल, गेममध्ये दुपार झाली आणि पडद्यावर काहीतरी हललं. शेजारच्या गाळ्यावरची लिंबूवाली आपला गाळा सोडून चालत आली. तिने हिरव्या एप्रनवालीकडून एक जुडी उचलली आणि तिच्या हातात नाणं ठेवलं. हिरवीने मूठ बंद केली, छातीपाशी आणली आणि मान वाकवली.

मी हातातली भाकरी खाली ठेवली.

हे मी विसरून गेलो होतो. कामठीच्या बाजारात दुपार झाली तरी एखादीची बोहनी झाली नाही, तर शेजारची बाई येऊन काहीतरी विकत घ्यायची. लागत नसलं तरी घ्यायची. कुणी उपाशी हाताने घरी जायचं नाही. प्रमिलाने हे मेधाला सांगितलं होतं आणि मेधाने गेममध्ये घातलं होतं, पण आमच्याही खेळणाऱ्यांनी ते क्वचितच बघितलं असेल. दुपारपर्यंत रिकामा बाजार कोण ठेवतो? नॉर्डलिंगने सगळं उचललं तेव्हा हेही त्यांच्यात गेलं.

मी दिवस पुन्हा सुरू केला. फाटक बंद ठेवलं. दुपारी लिंबूवाली आली, आणि प्रमिलाने मान वाकवली. परत येताना डोळे आधी वर आले, मग हनुवटी.

मागे मेधा उभी होती. तिने किती बघितलं होतं माहीत नाही. ती जागेवर जाऊन बसली.

मी जिन्यात जाऊन श्रीहर्षला फोन लावला.

"शेजारणीचं राहिलंय," मी म्हणालो.

तो हळू म्हणाला, "काका, कोण बघणार आहे?"

"म्हणजे तुला माहीत होतं."

"लाखात एखादा पण रिकामा बाजार ठेवत नाही. मी खूप विचार करून ठेवलंय. कुणाला सापडणार नाही. तुम्हाला सापडेल असं वाटलं होतं." मग म्हणाला, "तुमच्यासाठीच ठेवलंय."

"सापडलं तर?"

"माझी नोकरी जाईल. जाऊ दे."

"फक्त तुझी नाही जाणार, बाबा."

"कळतंय मला. पण सापडणार नाही, काका. खरंच."

मी जिन्याच्या पायरीवर बसलो. कोणीतरी सायकलचं हेल्मेट घेऊन वर गेलं, मला डचमध्ये शुभ दुपार, 'खुदेमिदाख', म्हणून गेलं, मीही म्हणालो. श्रीहर्ष फोनवर थांबला होता. यूस्ट माझ्या शब्दावर सही करणार होता, न बघता. तो माझं काम तपासत नाही. आणि आणखी एक गोष्ट होती. तसंच ठेवलं तर प्रमिला फक्त त्या बाजारात राहणार होती जिथे गिऱ्हाईकच येत नाही. दुपारपर्यंत कुणीच आलं नाही तर तिची बोहनी व्हायची, तीही शेजारणीच्या दयेने. ती सोसत नव्हती कुणाची दया. हॉस्पिटलातसुद्धा नर्सने उशी नीट केली तर ती पुन्हा स्वतःच्या हाताने करायची.

"मी कळवतोय," मी म्हणालो. "राहून गेलं असं लिहितो. तू ठेवलंस असं लिहीत नाही."

मी पायरीवरून उठलो.

"तू किती वेळात काढशील?"

"काढायला काय, दहा मिनिटं." तो म्हणाला. "पण नवीन गेम मी पाचपर्यंत पाठवत नाही. आता दोन वाजलेत. चालेल?"

"चालेल," मी म्हणालो.

मी नॉर्डलिंगला लिहून पाठवलं आणि समताच्या मोबाइलवर निरोप टाकला, शाळा सुटली की ऑफिसात ये. ती आली तेव्हा केस वाऱ्याने विस्कटले होते. तिला वाटलं माझी तब्येत बिघडली. मी तिला खुर्चीत बसवलं, टॅब्लेट समोर ठेवला, फाटक बंद केलं आणि म्हणालो, बघ. लिंबूवाली आली. समताने बघितलं. तिने तोंडावर हात ठेवला नाही, रडली नाही. फक्त खुर्ची पुढे ओढली.

"हे राहणार?" तिने विचारलं.

"नाही. पाच वाजता जाणार."

"तुम्ही सांगितलंत त्यांना?"

"हो."

तिने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग होता की काय होतं, मी सांगू शकत नाही. मी उत्तर जुळवत होतो, यूस्टचं, मेधाचं, श्रीहर्षचं. पण तिने विचारलंच नाही. तिने घड्याळ बघितलं, जॅकेट काढून खुर्चीच्या पाठीला लावलं आणि टॅब्लेट दोन्ही हातांत धरला.

गेममध्ये नवा दिवस उजाडला. फाटकाबाहेर गिऱ्हाईकं जमली. कुठल्या कुठल्या देशांतली, त्यांच्या डोक्यावर त्यांची नावं. ती दार वाजवत होती. फाटक दर सकाळी आपोआप उघडतं, म्हणून समताचं बोट त्यावरच होतं. उघडलं की ती लगेच बंद करायची.

"नको," ती त्यांना मराठीत म्हणत होती, हळू आवाजात. "आज नको. जा. दुसरीकडे जा."

मेधाने तिच्यासमोर बिस्किटांचा पुडा ठेवला. यूस्ट काचेच्या केबिनमधून बघत होता, तो बाहेर आला नाही. मी समताच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो. दुपार झाली की आम्ही दोघं पुढे वाकायचो. मग पुन्हा सकाळ व्हायची आणि ती पुन्हा फाटक लावायची.

पाच वाजेपर्यंत तिने एकाही गिऱ्हाईकाला आत येऊ दिलं नाही.